नमुन्याची परीक्षा आणि मालाची

विजेवर चालणारी दुचाकी आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. धूर नाही, आवाज नाही, पेट्रोलचा खर्च नाही. मध्यमवर्गीय गृहस्थाने तिचा स्वीकार केला, यात आश्चर्य नाही. परंतु ज्या वस्तूला आपण रात्रभर घराच्या उंबरठ्याशी वीज पाजीत ठेवतो, तिच्या पोटात काय आहे, हे विचारण्याचा हक्क त्या गृहस्थास आहे की नाही?

मार्च 2022 मध्ये पुण्यात उभी असलेली एक स्कूटर भर रस्त्यात पेटली. त्याच सुमारास तामिळनाडूतील वेल्लोर येथे घरी चार्जिंगला लावलेल्या स्कूटरने पेट घेतला आणि बाप-लेक धुराने गुदमरून मरण पावली. पुढच्याच महिन्यात नाशिकला कंटेनरमधून जात असलेल्या स्कूटरी जळाल्या. हे सारे योगायोग म्हणून सोडून देता येण्यासारखे नव्हते.

लिथियमच्या घटात दोन ध्रुवांमध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो आणि भोवती ज्वालाग्राही द्रव. बनावटीतील एखादा धातूचा कण, वाजवीपेक्षा अधिक चार्जिंग किंवा जोराचा आघात, यांपैकी कशानेही तो पडदा फाटला की आतल्या आत वीज जुळते. घट तापतो, त्या तापाने आणखी क्रिया होतात आणि शेजारचा घट पेटतो. म्हणूनच एक घट बिघडणार नाही एवढे पाहून भागत नाही. एक बिघडल्यावर बाकीचे वाचतील काय, हा खरा प्रश्न आहे.

रसायनशास्त्राने याचे काही उत्तर दिले आहे. 1997 साली टेक्सास विद्यापीठात अक्षय पाधी, नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांनी लोह-फॉस्फेटचा ध्रुव पुढे आणला. त्यातील प्राणवायू फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असल्याने असा घट सहजासहजी भडकत नाही. वजनाच्या मानाने तो वीज कमी साठवितो, हे खरे. पण सामान्य माणसाच्या रोजच्या फेऱ्यांसाठी पाच-दहा मैल कमी पळणारी परंतु शांत राहणारी बॅटरी बरी, असे आमचे स्पष्ट मत आहे. तीही मुळीच पेटत नाही, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये.

सरकारनेही हालचाल केली. एआयएस-156 हे मानक सुधारून डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाले. कंपने, तापमानाचे चढउतार, अतिचार्जिंग आणि बाह्य शॉर्टसर्किट यांच्या चाचण्या होत्याच. त्यांत एका घटाची आग इतरांपर्यंत पसरते काय, याची चाचणी आली. चीनने याही पुढे पाऊल टाकले आहे. चारचाकींच्या बॅटरीसाठी त्यांचे 2020 चे मानक आगीपूर्वी पाच मिनिटे इशारा मिळण्यावर समाधान मानीत असे. 2025 च्या मानकानुसार किमान दोन तास आग किंवा स्फोट होताच कामा नये, आणि तीनशे जलद चार्जिंगनंतरही बॅटरीने चाचणीस उतरले पाहिजे. जुन्या झालेल्या बॅटरीची परीक्षा घेणे, हा त्यातील आम्हांस सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो.

कारण शाळा-तपासणीच्या दिवशी हुशार मुले पुढच्या बाकावर बसविण्याची कला काही केवळ शिक्षकांनाच अवगत आहे असे नाही. प्रयोगशाळेत जातो तो नमुना. रस्त्यावर येतो तो माल. कायद्यात उत्पादनाच्या तपासणीची तरतूद आहे. मग तपासनिसाने विक्रेत्याच्या दुकानातून, न सांगता, गाड्या उचलाव्यात. दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे खड्ड्यांतून धावलेल्या बॅटऱ्याही कसोटीस लावाव्यात, आणि निकाल कंपनीच्या नावानिशी प्रसिद्ध करावेत. प्रत्येक आगीच्या चौकशीचा अहवालही ग्राहकास वाचावयास मिळाला पाहिजे. व्यापारी गुपिताची सबब येथे चालू देता कामा नये.

तोपर्यंत गृहसंस्थांच्या चिटणीसांनी एवढे तरी करावे: जिन्याखाली आणि मीटरच्या खोलीत चार्जिंग बंद करावे. आग लागली तर वरच्या मजल्यांना उतरण्यास तोच एक मार्ग असतो.