गटाराची साक्ष

घरांतील सांडपाणी मोरीबाहेर गेलें कीं आपला त्याचा संबंध संपला, अशी आपणां सर्वांची समजूत असते. त्याचें नांव काढणेंही शिष्टसंमत नव्हे. तथापि या महिन्यांत वाचकांची क्षमा मागून आम्ही त्याच पाण्याविषयीं चार शब्द लिहिणार आहों. कारण घरांत शिरलेल्या रोगाची बातमी कित्येकदां डॉक्टरांच्या आधीं गटारास लागलेली असते.

ही कल्पना नवी नव्हे. इंग्लंडांतील ब्रेंडन मूर यांनीं १९४८ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला. पॅराटायफॉइडचे जंतु पोटांत बाळगणारीं, परंतु स्वतः निरोगी दिसणारीं माणसें गटारावरून कशीं हुडकावींत, हें त्यांनीं त्यांत दाखविलें. विरळ कापडाच्या घड्या गटारांत सोडून ठेवावयाच्या व मागाहून त्यांवरील जंतूंची परीक्षा करावयाची. जंतु सांपडतील त्या शाखेनें वर वर गेलें म्हणजे शोध अखेरीस थोड्या घरांशीं येऊन ठेपतो.

पोलिओच्या बाबतींत ही साक्ष अधिकच मोलाची ठरली. त्याचा संसर्ग झालेल्या सुमारें दोनशें मुलांपैकीं एखाद्याचेच अवयव लुळे पडतात. बहुतेकांस कसलाच त्रास होत नाहीं. पण त्यांच्या शौचावाटे विषाणु कित्येक आठवडे बाहेर पडत असतो. अर्थात् इस्पितळाच्या दप्तरीं एका मुलाची नोंद होते, तेव्हां शेंदीडशें मुलांत तो गुपचूप वावरून गेलेला असतो. गटारांत मात्र सर्वांचीच नोंद होते.

मुंबईंत २००१ सालीं सांडपाण्याची अशी तपासणी सुरू झाली. भारतांत मूळ पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्यें हावडा जिल्ह्यांत आढळला; सांडपाण्यांत तो विषाणु शेवटचा दिसला तो नोव्हेंबर २०१० मध्यें, मुंबईंत. पुढें २७ मार्च २०१४ रोजीं भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. रुग्ण नाहींत एवढ्यावर विसंबून न राहतां गटारेंही निर्दोष आहेत हें पाहिलें गेलें, म्हणून त्या जाहिरनाम्यास वजन आलें.

इस्राएलांत २०१३ सालीं घडलेली हकीकत याहून बोधप्रद आहे. तेथें मुलांस टोचून लस दिलेली असल्यामुळें एकही मूल पंगु झालें नाहीं. परंतु दक्षिण भागांतील सांडपाण्यांत विषाणु सांपडूं लागला. लशीनें मुलांचे हातपाय वांचले होते, तरी आंतड्यांत विषाणूस थारा मिळतच होता. सरकारनें रुग्णाची वाट न पाहतां मुलांस तोंडावाटे लस पाजली.

या साक्षीस मर्यादाही आहेत. गटार कोणाचें नांव घेत नाहीं. आणि जेथें घरोघरचें मैलापाणी एकत्र वाहतच नाहीं तेथें ती मिळणेंच अवघड. शिवाय साक्ष ऐकून कोणी हालचाल केली नाहीं तर तिचा उपयोग काय?

“आमचा बाळ धडधाकट आहे, घर स्वच्छ आहे, मग डोस कशाला?” असा प्रश्न सुशिक्षित घरांतूनही ऐकूं येतो. उंबऱ्याच्या आंत सोवळें व बाहेर ओवळें हा भेद विषाणूस ठाऊक नाहीं. धडधाकट बाळाच्या पोटांतूनच तो शेजारच्या घरीं जातो, आणि तेथील मूल कदाचित् दोनशेंतील तें एक असूं शकतें. डोसाच्या दिवशीं दार उघडणाऱ्या प्रत्येक मातेनें एवढें ध्यानीं ठेवावें, अशी आमची विनंति आहे.