कैफियत म्हणजे सुटका नव्हे

हिमगौरीची गोष्ट राणीच्या तोंडून, हॅन्सेल-ग्रेटेलची चेटकिणीच्या तोंडून, तीन डुकरांची लांडग्याच्या तोंडून. इंग्रजीत गेल्या तीन-साडेतीन दशकांत अशा कथा मुलांसाठी आणि किशोरांसाठी भरभरून लिहिल्या गेल्या. त्या आता आपल्याकडच्या मुलांच्याही हाती येतात आणि त्यांच्याबरोबर तक्रारीही येतात. पहिली तक्रार अशी, की मुलांना आधी चांगलं-वाईट नीट कळू द्या. दुष्टालाही बाजू असते असं सांगून त्यांचा गोंधळ कशाला उडवता? दुसरी अशी, की पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या गोष्टींची मोडतोड करायचा अधिकार यांना दिला कुणी? आणि तिसरी अशी, की खलनायकाच्या बालपणातलं एखादं दुःख उकरून काढायचं आणि त्याच्या आडोशानं सगळे गुन्हे माफ करून टाकायचे, हा एक साचा होऊन बसला आहे.

तिसरी तक्रार पुष्कळशी खरी आहे, तिच्याकडे मी येतो. पहिल्या दोन मला अजिबात मान्य नाहीत.

मोडतोडीचं आधी पाहू. ज्या गोष्टींना आपण ‘मूळ’ म्हणतो, त्यातल्या बऱ्याच जेकब आणि विल्हेल्म ग्रिम या जर्मन भावांच्या संग्रहातून जगभर गेल्या. त्या संग्रहाचा पहिला खंड 1812 साली निघाला. त्यातली हिमगौरीची गोष्ट उघडून पाहिली तर धक्का बसतो. सात वर्षांच्या मुलीला जंगलात नेऊन मारायला सांगणारी, तिची फुफ्फुसं आणि काळीज शिजवून खायला बसणारी ती राणी तिथं सावत्र आई नाहीच, ती सख्खी आई आहे. बर्फासारखी गोरी, रक्तासारखी लाल आणि काळ्याभोर केसांची मुलगी व्हावी म्हणून जिनं इच्छा धरली, तीच पुढं तिच्या जिवावर उठते. 1819 च्या आवृत्तीत ही आई बाळंतपणात मरते आणि तिच्या जागी सावत्र आई येते. हॅन्सेल-ग्रेटेलच्या आईचंही पुढच्या आवृत्त्यांमध्ये हेच झालं. पुस्तक मध्यमवर्गीय घरांत मुलांसाठी वाचलं जाऊ लागलं होतं, आईची प्रतिमा डागाळता कामा नये होती. म्हणून पाप तसंच ठेवलं आणि ते दुसऱ्या बाईच्या माथी मारलं. 1857 च्या सातव्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे पंचेचाळीस वर्षं, हे फेरफार चालू होते.

फ्रान्समध्ये शार्ल पेरोनं 1697 साली लिहिलेल्या लाल टोपीवालीला लांडगा खातो आणि गोष्ट तिथंच संपते. तिला पोटातून जिवंत बाहेर काढणारा शिकारी ग्रिमच्या पुस्तकात भेटतो. पेरोची सिंड्रेला सावत्र बहिणींना क्षमा करते, त्यांची लग्नं लावून देते. ग्रिमच्या सिंड्रेलाच्या लग्नात कबुतरं त्याच बहिणींचे डोळे फोडतात. मग यातली मूळ गोष्ट कोणती? गोष्ट सांगणाऱ्या प्रत्येकानं आपल्या काळाला पटेल असा दोषी निवडला आहे. आज एखादी लेखिका त्या निवडीला प्रश्न विचारत असेल, तर ती परंपरा मोडत नाही, चालवते आहे. तिनं तसं विचारणं गरजेचंही आहे. वडिलांनी दुसरं लग्न केलेल्या घरातलं चौदा वर्षांचं मूल डोळ्यांपुढं आणा. नव्या आईचं आणि आपलं नातं कसं जुळेल याचा त्याला आधीच घोर लागलेला असतो, आणि त्याला माहीत असलेल्या प्रत्येक परीकथेत ती बाई विषारी सफरचंद घेऊनच उभी असते. या मुलाला राणीच्या बाजूनं लिहिलेली एक तरी गोष्ट मिळायला हवी.

आता चांगल्या-वाइटाचं. तक्रार करणाऱ्यांच्या बाजूनं सर्वांत भक्कम मांडणी ब्रूनो बेटलहाइम या मानसशास्त्रज्ञानं 1976 साली ‘द यूझेस ऑफ एन्चान्टमेंट’मध्ये केली. परीकथेतली माणसं एक तर पूर्ण चांगली किंवा पूर्ण वाईट असतात. लहान मुलाचं मन तसंच दोन टोकांत विचार करतं, म्हणून या कथा त्याला आधार देतात, असं तो म्हणतो. मला हे पटतं. पाच वर्षांच्या मुलाला झोपवताना राणीचं मनोविश्लेषण ऐकवू नये, चेटकीण भट्टीत जाऊ द्यावी. पण बेटलहाइमचा दाखला देणारे त्याचं पुढचं म्हणणं सोडून देतात. माणसाच्या स्वभावातली गुंतागुंत दाखवायची ती मुलाचं व्यक्तिमत्त्व थोडं स्थिरावल्यावर, असं तोच सांगतो. म्हणजे कधीच नको, असं नाही; थांबा, असं. ते थांबणं संपतं केव्हा? बारा-तेराव्या वर्षी. आपले आईवडील चुकतात, कधी खोटंही बोलतात, हे त्याच वयात दिसू लागतं. वर्गात एखाद्यावर ‘वाया गेलेला’ असा शिक्का बसतो आणि बाकीची मुलं तो खरा मानतात, तेही तेव्हाच. आपण स्वतः मैत्रिणीशी दुष्टपणानं वागलो हे पहिल्यांदा कळतं आणि रात्रभर झोप लागत नाही, तेही तेव्हाच. या वयाला दोन रंगांतलं जग पुरत नाही. त्याच त्या गोष्टी त्यांना पुन्हा तशाच सांगितल्या, तर ती वाचन सोडून देतील.

आणि अशा कथांमुळे मूल दुष्टाच्या कह्यात जातं, हीसुद्धा नुसती भीती आहे. जॉन शेस्काचं ‘द ट्रू स्टोरी ऑफ द थ्री लिटल पिग्ज’ 1989 साली आलं, चित्रं लेन स्मिथची. त्यात लांडगा सांगतो, की आजीच्या वाढदिवसाच्या केकला साखर कमी पडली म्हणून मी शेजाऱ्याकडं वाटीभर मागायला गेलो, सर्दी होती, शिंक आली, गवताचं घर पडलं, आत डुक्कर मरून पडलेलं, आणि अन्न वाया कसं घालवायचं म्हणून खाल्लं. हे ऐकून आठ-नऊ वर्षांचं मूलसुद्धा लांडग्यावर विश्वास ठेवत नाही. ते विचारतं, दर वेळी नेमकं डुकराच्याच दारात शिंक कशी आली? ‘मी’ म्हणून बोलणाऱ्याचं म्हणणं तपासून घ्यायचं असतं, हे त्याला कुणीही उपदेश न करता समजतं. अख्खा दिवस मोबाइलवर कुणा ना कुणाची ‘खरी हकिगत’ ऐकणाऱ्या पिढीला याहून उपयोगी काय शिकवणार?

तिसऱ्या तक्रारीकडे आलो. 2014 चा ‘मॅलेफिसंट’ हा चित्रपट तिचा धडधडीत पुरावा आहे. 1959 च्या डिस्नेच्या ‘स्लीपिंग ब्यूटी’त शाप देणारी जादूगारीण इथं नायिका झाली. का शाप दिला? तर राजा होण्यासाठी तिच्या जुन्या मित्रानं, स्टीफननं, तिचे पंख कापले. पुढं तिला पश्चात्ताप होतो, राजकन्येला जागं करणारं खरं प्रेमही तिचंच ठरतं आणि सगळं पाप स्टीफनच्या खात्यावर जातं. पंख कापण्याचा प्रसंग अंगावर येतो, हे मी नाकारत नाही. पण अखेर झालं काय? खलनायकाची खुर्ची तशीच राहिली, फक्त तिच्यावर दुसरा माणूस बसला. तान्ह्या मुलीला मृत्यूसारख्या झोपेचा शाप देणं म्हणजे काय, हा प्रश्न गोष्टीनं टाळला. अशा सफेदीला माझा विरोध आहे, आणि तक्रार करणाऱ्यांइतकाच आहे.

मराठी वाचकाला हा धोका नवा नाही. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ 1967 ची. तिच्यात कर्ण बोलतो, तसा दुर्योधनही बोलतो, आणि पिढ्यान्‌पिढ्यांनी ती पंधरा-सोळाव्या वर्षीच वाचली आहे. तेव्हा दुसऱ्या बाजूनं सांगितलेली गोष्ट आपल्या मुलांना झेपणार नाही, असं आपण तरी म्हणू नये. पण कर्णाच्या प्रेमात पडलेला वाचक पुढं वाद घालताना भरसभेत द्रौपदीला त्यानं काय म्हटलं, ते विसरतो. सूतपुत्र म्हणून त्याला भोगावं लागलेलं सगळं खरं. त्या दिवशी सभेत तो जे बोलला, तेही खरं. इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ त्याच 1967 सालचं. कर्णाकडं करुणेनं पाहतानाही त्याच्या हातून घडलेलं त्या झाकत नाहीत. मला किशोरकथेत हवं आहे ते हे. दुष्टाची कैफियत पूर्ण ऐकून घ्यायची, आणि ती ऐकली म्हणून त्याला निर्दोष सोडायचं नाही.

असं लिहिता येतं, लिहिलं गेलंही आहे. एमा डॉनह्यू या आयरिश लेखिकेचा ‘किसिंग द विच’ हा तेरा कथांचा संग्रह 1997 चा. शेवटची सोडली तर त्यातली बहुतेक प्रत्येक कथा संपताना नायिका समोरच्या बाईला तिची हकिगत विचारते आणि पुढची कथा त्या बाईची असते. अशी एकेक बाई पुढची बाई उलगडत जाते. त्यात ग्रिमच्या हंस राखणाऱ्या राजकन्येची गोष्ट आहे. मूळ गोष्टीत लग्नाला निघालेल्या राजकन्येला तिची दासी वाटेत धमकावते, तिचे कपडे आणि घोडा घेते, तिच्या जागी राजवाड्यात जाते. बोलणारा घोडा बिंग फोडेल म्हणून त्याचं मुंडकं उडवायला लावते. शेवटी म्हातारा राजा तिचाच गुन्हा दुसऱ्या कुणाचा म्हणून सांगून तिला शिक्षा विचारतो. खिळे ठोकलेल्या पिंपात नागवी घालून घोड्यांकडून फरफटत न्या, असं ती म्हणते, आणि तीच शिक्षा तिला मिळते. डॉनह्यूच्या कथेत निवेदन या दासीचं आहे. ती रडगाणं गात नाही. राणीपद टिकवायला मी जीवही घेतला असता, हे ती सुरुवातीलाच कबूल करून टाकते. मग सांगते, की मी दासी, माझी आई दासी, राजकन्येनं टाकलेलं तेच आमचं. गुन्हा आणि त्यामागची भूक शेजारी-शेजारी उभी राहतात आणि एकीमुळे दुसरा पुसला जात नाही. शेवटी राजकन्येलाच राजवाड्यापेक्षा हंसांमागचं मोकळं रान आवडू लागलेलं असतं. घरात धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईची मुलगी आपल्याच वयाची आहे, हे ज्या मुलीला माहीत आहे, तिनं ही कथा वाचल्यावर ग्रिमच्या दासीची शिक्षा तिला पूर्वीसारखी वाचता येणार नाही.

डॉना जो नॅपोलीची ‘द मॅजिक सर्कल’ ही 1993 ची छोटेखानी कादंबरी यापुढं जाते. हॅन्सेल-ग्रेटेलची चेटकीण इथं आधी सुईण असते, रोग बरे करणारी. मुलीसाठी एका अंगठीचा मोह पडतो, सैतान तिचा ताबा घेतात. मुलं खायचा त्यांचा हुकूम पाळावा लागू नये म्हणून ती माणसांपासून लांब जंगलात राहते. तिथं ती दोन मुलं दारात येतात. ग्रेटेलला तिला भट्टीत ढकलता यावं, अशी वेळ ती स्वतःच आणते. चेटकीण भट्टीत जाते, मूळ गोष्टीतला शेवट जसाच्या तसा; पण वाचकाचा हात थरथरतो.

हे काम लघुकथेला विशेष जमतं, असं माझं मत आहे. तीनशे पानं किंवा दोन तास एखादीला नायिका म्हणून चालवायचं तर तिला गोड करावंच लागतं. प्रेक्षक तिच्यासाठी टाळ्या वाजवणार असतो. कथेला ते ओझं नसतं. ती थेट कृत्याच्या क्षणापाशी जाऊन तिथंच थांबू शकते. एलन डॅटलो आणि टेरी विंडलिंग यांनी 2009 साली ‘ट्रोल्स-आय व्ह्यू’ हा खलपात्रांच्या बाजूच्या कथा-कवितांचाच संग्रह मुलांसाठी संपादित केला. त्यात कॅथरिन व्हॅलेंटेची कथा साखरेच्या मुलीची आहे. मिठाई बनवणाऱ्या बापानं घडवलेली ही मुलगी शेवटी जंगलात साखरेचं घर बांधते. त्या घरात पुढं कोण येणार, हे वाचकाला ठाऊक असतं. कथा ते सांगत बसत नाही.

मराठीत आपल्याकडं काऊ-चिऊची गोष्ट आहे. पावसात शेणाचं घर वाहून गेलेला काऊ दारात भिजत उभा असतो आणि चिऊ बाळाची अंघोळ, बाळाचे कपडे अशी एकेक सबब सांगत दार लावून बसते. काही घरांत सांगतात त्या गोष्टीत आत घेतल्यावर तो रात्री कोपऱ्यात बसून चिऊचे चणे फस्त करतो आणि विचारलं की सुपारी खातोय म्हणून खोटं सांगतो. आपण चिऊचं घर मुलांना देत आलो, काऊचा पाऊस दिला नाही. कुमारांसाठी लिहिणाऱ्या मराठी लेखकांना माझी विनंती आहे, की ही गोष्ट काऊच्या तोंडून लिहा, पाऊस आणि चणे दोन्ही ठेवून. आणि संपादकांनो, ‘मुलांना झेपणार नाही’ असा शेरा मारून ती परत पाठवू नका.