उद्याच्या कथेसाठी आजच्या कथेचा बळी

पाचोरा आणि परिसरातील गावांत हरिनाम सप्ताहाची परंपरा आजही जिवंत आहे. रोज रात्री निराळे कीर्तनकार, निरूपणाला निराळा अभंग आणि शेवटी काल्याच्या कीर्तनाने सांगता. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, कपाशीच्या कामातून केवळ तिसऱ्या रात्री सवड मिळालेला शेतकरीही रिकाम्या मनाने परतत नाही. त्या रात्रीचे निरूपण त्या रात्रीच पूर्णत्वास जाते. ‘या अभंगाचा अर्थ पुढच्या वर्षी सांगू’ असे म्हणणाऱ्या कीर्तनकाराला कोणते गाव पुन्हा बोलावील?

अतिमानवी नायकांच्या चित्रपटांनी मात्र नेमके हेच आरंभले आहे. २००८ च्या ‘आयर्न मॅन’मध्ये श्रेयनामावलीनंतर पुढील चित्रपटाची चाहूल देणारे एक छोटे दृश्य होते. मूळ कथा तोवर पूर्ण झाली होती. त्यामुळे त्यात वावगे काही नव्हते. पण २०१२ मध्ये ‘अ‍ॅव्हेंजर्स’ला अफाट यश मिळाले आणि पुढे नाकापेक्षा मोती जड झाला. २०१४ च्या ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन २’मध्ये सहा खलनायकांच्या नियोजित चित्रपटाची पूर्वतयारी कोंबण्यात आली. तो चित्रपट कधी आलाच नाही. मालिका तेथेच खुंटली आणि २०१६ साली त्या भूमिकेत नवा नट आला. त्याच वर्षीच्या ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’मध्ये, संघर्ष ऐन रंगात येत असताना, पुढील चित्रपटांच्या नायकांची ओळख संगणकावरील चित्रफितींतून उरकण्यात आली.

हे लोण आपल्याकडेही पोहोचले. २०२२ च्या ‘ब्रह्मास्त्र’मध्ये ज्याच्याभोवती सारे रहस्य विणले, तो ‘देव’ दुसऱ्या भागासाठी राखून ठेवला गेला. २०२४ चा ‘कल्की २८९८ एडी’ही पुढच्या भागाकडे बोट दाखवून संपला. तिकीट जामनेरचे घ्यायचे आणि प्रवाशाला शेंदुर्णीलाच उतरवायचे, त्यातलाच हा प्रकार!

यावर कोणी म्हणेल, महाभारतही अठरा पर्वांचेच आहे. खरे आहे. पण त्यातील सावित्रीचे किंवा नल-दमयंतीचे आख्यान स्वतंत्रपणे ऐकले तरी ते कोठेही अपुरे वाटत नाही. भारतीय चित्रपटाच्या जनकानेही हीच रीत पाळली. दादासाहेब फाळके यांनी १९१८ मध्ये ‘श्रीकृष्णजन्म’ आणि १९१९ मध्ये ‘कालियामर्दन’ काढला. नायक एकच, परंतु प्रत्येक चित्रपट आपापल्या पायावर उभा.

अलीकडचे उदाहरण दिग्पाल लांजेकर यांच्या शिवचरित्रावरील चित्रपटमालेचे. ‘फर्जंद’पासून (२०१८) ‘सुभेदार’पर्यंत (२०२३) पाच चित्रपट आले. २०२२ च्या फेब्रुवारीत ‘पावनखिंड’ आणि एप्रिलमध्ये ‘शेर शिवराज’ प्रदर्शित झाला. अफजलखानाचा वध १६५९ चा आणि घोडखिंडीतील झुंज १६६० ची; म्हणजे आधीचा प्रसंग नंतर आला. तरी प्रेक्षक गोंधळला नाही, कारण प्रत्येक चित्रपटाने हाती घेतलेला प्रसंग तडीस नेला होता. मालिका असणे हा दोष नव्हे; आजचे कर्तव्य उद्यावर ढकलणे हा दोष आहे.

असे का घडते? निर्माता आता एक चित्रपट विकत नाही, तर दहा वर्षांची साखळी विकतो. पुढील भागांच्या तारखा आधी जाहीर होतात आणि कथा त्यांच्या मापाने बेतली जाते. ज्या नायकाचा पुढचा चित्रपट घोषित झाला आहे, तो आज मरणार नाही, हे लहान मूलही जाणते. मग त्याच्या धाडसाला किंमत ती काय उरणार?

येथेच या विषयाचे खरे गांभीर्य आहे. वीरकथा मुलांना शिकवते की, काही निर्णय परत घेता येत नाहीत आणि काही बलिदाने कायमची असतात. बाजीप्रभू खिंडीत पडले, ते पुढच्या भागात उठून येण्यासाठी नव्हे. प्रत्येक पराक्रम तात्पुरता आणि प्रत्येक मृत्यू खोटा ठरू लागला, तर त्याग या शब्दाचा अर्थच मुलांच्या मनात झिजत जाईल.

श्रोत्याने वेळ द्यावा आणि सांगणाऱ्याने कथा पूर्ण करावी, हा अलिखित करार आहे. प्रेक्षकाने आपली बाजू तिकीटखिडकीवरच पाळलेली असते. आता दुसऱ्या बाजूने तो पाळावा, एवढीच अपेक्षा. पुढचा भाग काढायचा तर अवश्य काढावा. पण आधी हा भाग संपवावा.