राधाला शुक्रवार हवा होता

‘खामोशी’ परवा पुन्हा पाहिला. असित सेन यांचा १९६९ चा कृष्णधवल चित्रपट. धर्मेंद्र पाठमोरा उभा राहून गातो आहे आणि मनोरुग्णालयातली नर्स राधा जिना चढत त्या आवाजाकडे निघाली आहे. त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही. दिसतो तो वहिदा रेहमानचा, आणि ती हरली आहे हे तिच्या आधी आपल्याला कळतं.

प्रेमभंगानं कोसळलेल्या रुग्णाला नर्सनं प्रेमाचा अभिनय करून सावरायचं, हा तिथल्या कर्नल डॉक्टरांचा प्रयोग. देव, म्हणजे धर्मेंद्र, बरा होऊन जातो. प्रयोग यशस्वी ठरतो. फक्त राधानं अभिनय केलेलाच नसतो. मग अरुण दाखल होतो, राजेश खन्ना. राधा आधी नकार देते, तरी शेवटी त्याची जबाबदारी तिच्याच गळ्यात पडते. अरुण बरा होतो आणि राधा त्याच रुग्णालयात रुग्ण म्हणून दाखल होते. आशुतोष मुखर्जींच्या कथेवर असित सेन यांनीच १९५९ मध्ये बंगालीत ‘दीप ज्वेले जाइ’ केला होता. तिथे हेच दुःख सुचित्रा सेनच्या वाट्याला आलं होतं.

या शेवटाला आपण वर्षानुवर्षं ‘त्याग’ म्हणत आलो. मला तो शब्द आता खुपतो. राधाला देवनं मोडलं नाही, अरुणनंही नाही. ते दोघे आजारी होते. तिला मोडलं ते माणसालाच औषध म्हणून वापरणाऱ्या व्यवस्थेनं. औषध संपलं की बाटलीकडे कोण बघतं? ती आतून रिकामी होत गेली आणि कर्नलांना ते उशिरा उमगलं.

उपचार करणाऱ्याच्या मनातही रुग्णाविषयी भावना उसळतात, हे फ्रॉइडनं १९१० मध्येच मांडलं होतं. ‘काउंटरट्रान्सफरन्स’ हा त्याचाच शब्द. म्हणजे राधाला झालं ते पाप नव्हतं आणि दुबळेपणाही नव्हता. या कामात ते होणारच. म्हणून तर थेरपिस्ट आपल्या केसेस घेऊन दुसऱ्या अनुभवी थेरपिस्टकडे जाऊन बसतात. त्याला सुपरव्हिजन म्हणतात.

‘इन ट्रीटमेंट’ या अमेरिकी मालिकेनं हे नेमकं ओळखलं. मूळ इस्रायली ‘बेतिपुल’वरून २००८ मध्ये ती आली. पहिल्या पर्वात सोमवार ते गुरुवार डॉ. पॉल वेस्टन रुग्णांचं ऐकतो. लॉरा त्याच्यावर प्रेम असल्याचं सांगते आणि तोही तिच्याकडे ओढला जातो. वैमानिक ॲलेक्सचा मृत्यू त्याच्या मनावर दगडासारखा बसतो. घरी संसार विसकटत असतो. पण शुक्रवारी पॉल स्वतः थेरपिस्ट जीनासमोर बसतो. चिडतो, खोटं बोलतो, वाद घालतो. जीना त्याला सोडत नाही. ‘द सोप्रानोज’मधली डॉ. मेल्फीसुद्धा माफिया टोनीचं ऐकता ऐकता दारूकडे वळते, पण तिलाही डॉ. कुपफरबर्गकडे जायची सोय आहे. शुक्रवार असला म्हणून पॉल सुखी होत नाही. तो जखमी होतो, चुकतो, पण दुसऱ्या दिवशी उभा राहतो. राधाला ती संधीच मिळाली नाही. तिचं बोलणं ऐकायला त्या इमारतीत एकही खुर्ची नव्हती.

आता आपल्याकडेही कथांमध्ये, मालिकांमध्ये समुपदेशक दिसू लागले आहेत. ते बहुतेक वेळा शांत, हसरे, सगळी उत्तरं ठाऊक असलेले असतात. नाहीतर थेट कोसळतात. लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, तुमच्या पात्राला एक शुक्रवार द्या. आणि वाचकहो, तुमच्या घरात कुणी नर्स असेल, समुपदेशक असेल, आजाऱ्याची सेवा करणारी वहिनी असेल, तर आज रात्री तिला रुग्ण कसा आहे ते विचारू नका. ती कशी आहे ते विचारा, आणि उत्तर पुरं होईपर्यंत तिथून उठू नका.