रक्ताचा आकडा कुणासाठी?

१९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या सव्वा लाखाहून अधिक बायकांनी जगाला एक उत्तर मिळवून दिले. एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये त्या अभ्यासातून पुढे आले.

अंडाशयाच्या कर्करोगाला अशी चाचणी अजून सापडलेली नाही. या कर्करोगात वाढणारे सीए-१२५ हे रक्तातले प्रथिन मोजता येते. पण पोटाचा क्षय, एंडोमेट्रिऑसिस, अगदी मासिक पाळीतही ते वाढते. ब्रिटनमध्ये दोन लाख स्त्रियांच्या प्रदीर्घ अभ्यासात या तपासणीने मृत्यू घटले नाहीत, असे २०२१ मध्ये स्पष्ट झाले. त्यामुळे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या येडशीत शिबिर भरवून सरसकट सीए-१२५ तपासणे चूक ठरेल. भीती वाढेल, नाहक शस्त्रक्रियाही होतील.

या चाचणीचा खरा उपयोग निदानानंतर आहे. केमोथेरपीच्या पहिल्या शंभर दिवसांत सीए-१२५ किती वेगाने उतरते, यावरून औषध लागू पडते आहे का, पुढे काय वाढून ठेवले आहे, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. त्यासाठी पुन्हा पुन्हा रक्त द्यावे लागते. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय येडशीहून फार लांब नाही, तरी प्रत्येक खेपेला मजुरी बुडते, सोबतीला माणूस लागतो. रक्ताचा नमुना जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात घेऊन दर वेळी एकाच प्रयोगशाळेत पाठवावा. पद्धत बदलली की आकड्यांची तुलना फसते. जिल्हा आरोग्य विभागाने ही सोय तातडीने करावी. शिवाय या कर्करोगाचे लक्षण असू शकणारे, सतत फुगणारे पोट ‘गॅस’ म्हणून महिनोन्महिने अंगावर काढणाऱ्या बाईला वेळीच सोनोग्राफीला पाठवावे.