स्नानसंस्काराचे पाणी आणि रक्ताचे नाते

हिंसेचे मूळ कशात आहे, असे विचारले की ठरलेली उत्तरे येतात : दारिद्र्य, बेकारी, चित्रपट आणि देवाचा विसर. यांतले शेवटचे उत्तर आम्हा धर्मगुरूंच्या प्रवचनांत फार वेळा येते. रवांडाचा इतिहास वाचल्यापासून मात्र ते इतक्या सहजपणे आमच्या तोंडून निघत नाही.

रवांडा देवाला विसरलेला नव्हता. १९४६ साली राजा मुतारा तिसरा रुदाहिग्वा याने आपला देश ख्रिस्तराजाला समर्पित केला होता. १९९४ मध्ये निम्म्याहून अधिक जनता कॅथोलिक होती. त्या वर्षी ईस्टर ३ एप्रिलला आला आणि ७ एप्रिलला, ईस्टरच्या आठवड्यातच, कत्तल सुरू झाली. सुमारे १०० दिवसांत अंदाजे ८ लाख माणसे मारली गेली. त्यांतले बहुसंख्य तुत्सी होते. मारणाऱ्यांच्या हाती बहुधा कोयते आणि सोटे होते आणि मारणारा पुष्कळदा शेजारीच होता. न्यामाता आणि न्तारामा येथे लोकांनी आश्रयासाठी चर्च गाठले व ते चर्चमध्येच मारले गेले. न्यांगे येथे सुमारे १५०० आश्रितांच्या अंगावर चर्चची इमारत बुलडोझरने पाडण्यात आली. त्या प्रकरणी तेथील धर्मगुरू आतानाझ सेरोंबा यांना आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००८ साली जन्मठेप सुनावली. हे लिहिताना हात अडखळतो. पण ते वगळले, तर पुढचे काही लिहिण्याचा आम्हाला अधिकार उरत नाही.

जमिनीची टंचाई, कॉफीचे कोसळलेले भाव, १९९० पासूनचे यादवी युद्ध आणि सत्तेची भूक ही सारी कारणे खरी आहेत. तथापि गरीब देश पुष्कळ आहेत. सगळीकडे शेजारी शेजाऱ्यावर कोयता उचलत नाही. तेथे आधी शेजाऱ्याचे नाव काढून घेण्यात आले होते. बेल्जियन राजवटीने १९३०च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू की तुत्सी, हे नोंदवले. भाषा एक, टेकडी एक, प्रभुभोजनाची वेदी एक. पण कागदावरचा शब्द वेगळा. मिशनऱ्यांनी प्रथम तुत्सींना झुकते माप दिले, १९५०च्या दशकाच्या अखेरीस हुतूंची बाजू घेतली. बाजू बदलली, परंतु विभागणी दोन्ही वेळा मान्यच केली. पुढे एका खाजगी रेडिओ केंद्राने तुत्सींना रोज झुरळे म्हणायला सुरुवात केली, आणि कत्तलीच्या दिवसांत रस्त्यांवरच्या नाक्यांत तेच ओळखपत्र पाहून जीव घेतले गेले. झुरळ मारले म्हणून कोणी पापनिवेदनाला जात नाही.

जून १९९४ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांच्या वतीने कार्डिनल एचेगारे तेथे गेले. वंशाचे रक्त स्नानसंस्काराच्या पाण्याहून वरचढ ठरले काय, असे त्यांनी ख्रिस्तसभेच्या पुढाऱ्यांना विचारले आणि उत्तर ‘होय’ असे आले, असे सांगतात. रवांडाच्या बिशपांचा क्षमायाचनेचा मजकूर धर्मग्रामांत वाचला गेला, तो २०१६ साली, ख्रिस्तराजाच्या सणाच्या दिवशी. राजाच्या समर्पणाला तेव्हा ७० वर्षे झाली होती. मार्च २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही ख्रिस्तसभेच्या व तिच्या सदस्यांच्या पापांसाठी देवाकडे क्षमा मागितली.

श्रद्धा तेथे निष्फळच ठरली, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. शेजारच्या बुरुंडीतही हुतू आणि तुत्सीच राहतात. १९९३ मध्ये तेथे राष्ट्राध्यक्षांचा खून झाला आणि यादवी पेटली. दक्षिणेकडील बुटा येथील लहान सेमिनरीत दोन्ही समाजांचे विद्यार्थी एकत्र राहत होते. रेक्टरांनी तो विषय टाळला नाही. मुलांना एकत्र बसवून ते आपापल्या भीतीविषयी, घरच्या मृतांविषयी, मनातल्या रागाविषयी उघडपणे बोलायला लावत. आपल्याकडे लग्न जुळवताना ‘आपल्यातला की बाहेरचा’ हे कटाक्षाने पाहिले जाते. पण त्याविषयी चर्चच्या आवारात कोणी बोलू लागला, तर ‘वाद नको’ म्हणून आपणच त्याला गप्प करतो. बुटाला तो वाद रोज घातला जात होता.

३० एप्रिल १९९७ रोजी पहाटे बंडखोर वसतिगृहात शिरले. हुतूंनी एका बाजूला व्हावे, तुत्सींनी दुसऱ्या, असा हुकूम त्यांनी सोडला. मुले वेगळी झाली नाहीत. ४० जण मारले गेले. त्यांत दोन्ही समाजांची मुले होती आणि त्यांच्या कबरी बुटा येथेच, एकमेकींशेजारी आहेत.