फोनही पालकाच्या ताब्यात?

पार्किन्सन्समुळे व्यवहार जमेनासे झालेल्या वडिलांसाठी मुलगी जिल्हा न्यायालयाकडून पालकत्व मिळवते. बँकेचा ओटीपी वडिलांच्याच मोबाइलवर येतो, म्हणून फोनही तिच्या हाती जातो. इथवर ठीक. पुढे त्यात गुपचूप नजर ठेवणारे अ‍ॅप टाकले जाते आणि वडिलांनी जुन्या मित्राला काय लिहिले, हे घरभर वाचले जाते. हा अधिकार दिला कोणी?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चे कलम १४ मर्यादित पालकत्वच मानते: ठरावीक निर्णयापुरते, ठरावीक मुदतीपुरते, परस्पर विश्वासावर आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले. आजारपणाने तो हक्क गळून पडत नाही. मालकाच्या परवानगीविना त्याच्या फोनमधली माहिती काढणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये बसते. त्यामागे लबाडीचा हेतू असेल तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली वृद्धांना लुटले जात असताना लेकीची धास्ती खोटी नाही. पण मग तिने न्यायालयाकडेच तशी परवानगी मागावी. न्यायालयांनीही खाती आणि मिळकतींप्रमाणे मोबाइलसाठी आदेशात स्वतंत्र परिच्छेद लिहावा: बँकेचे संदेश कोणी पाहायचे, कॉल ऐकायचे की नाही, किती दिवस. वकिलाशी होणारे बोलणे तर पूर्ण वगळलेच पाहिजे. पालकाविरुद्धच तक्रार करायची झाली, तर त्या माणसाकडे दुसरे साधन कोणते आहे?